चौदाची बेरीज

मी पाहिलेला व्हीलचेअर बास्केटबॉलचा पहिलाच सामना सुरू व्हायला उशीर झाला. एका संघातला एक मुलगा तापामुळे आला नव्हता. मैदानाच्या कडेला प्रशिक्षक कागद-पेन्सिल घेऊन आकडे मांडत होता, खोडत होता. साडेचार, चार, अडीच, दोन आणि न आलेल्या मुलाचा एक, एकूण चौदा. त्याच्या जागी राखीव खेळाडूंतला सर्वांत कमी आकड्याचा मुलगा घ्यावा, तर तो दोनचा. बेरीज पंधरा होते, आणि पंधरा चालत नाहीत. शेवटी प्रशिक्षकानं नाइलाजानं साडेचारवाल्याला बाहेर काढलं आणि साडेतीनचा एक मुलगा आत घेतला. बाहेर गेलेला तो मुलगा संघातला सर्वांत धिप्पाड, सर्वांत वेगवान आणि बास्केट टाकण्यात सर्वांत तरबेज होता. आणि जो आलाच नव्हता, त्याला छातीखालचं शरीर हलवता येत नव्हतं.

झालं काय, हे कळायला मला जरा वेळ लागला. संघातलं सर्वांत दुबळं शरीर गैरहजर होतं, म्हणून सर्वांत सशक्त शरीराला बाकावर बसावं लागलं. (बाक हा शब्द सवयीनं आला. या खेळात बाक कुणालाच लागत नाही. प्रत्येक जण आपली बैठक घेऊनच येतो.)

अपघातानं वा आजारानं पाय गेलेली तरुण मुलं खेळामुळे पुन्हा उभारी धरतात, असं आपण वाचतो, चित्रपटांत पाहतो, भाषणांत ऐकतो. ते खोटं नाही. पण ही उभारी नेमकी येते कुठून, हे सहसा कुणी विचारत नाही. जिद्द, इच्छाशक्ती, सकारात्मक विचार असे काही ठेवणीतले शब्द वापरले की काम भागतं. त्या दिवसापासून मला वाटत आलं आहे, की निदान या एका खेळापुरतं उत्तर त्या कागदावरच्या बेरजेत आहे. ती बेरीज कशी आली, हे पाहायचं तर सुमारे ऐंशी वर्षं मागं जावं लागतं.

*

दुसऱ्या महायुद्धाआधी मज्जारज्जूला इजा झालेला सैनिक फारसा जगत नसे. गोळी वा तोफेचा तुकडा जे करी, ते बहुधा जीवघेणं नसे. जीव जाई तो नंतर, अंथरुणात. एका कुशीवर पडून पडून शय्याव्रणं होत, ती चिघळत; मूत्रमार्गाचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचे. पहिल्या महायुद्धात कमरेखाली लुळे झालेले बहुतेक सैनिक असेच गेले. सल्फा औषधं आणि पेनिसिलीन आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत असे सुमारे अडीच हजार सैनिक जिवंत राहिले. त्यांतले कितीतरी जण विशी-पंचविशीतले होते. वैद्यकानं त्यांना वाचवलं, पण वाचवून करायचं काय, याची तयारी कुणाकडेच नव्हती. इस्पितळांच्या लांबलचक दालनांमधून ही मुलं पत्ते कुटत, सिगरेटी ओढत पडून असत.

त्यांच्या हाती एक नवं यंत्र मात्र आलं होतं. हर्बर्ट एव्हरेस्ट नावाच्या खाण-अभियंत्याचे पाय १९१८ साली खाणीतल्या अपघातात गेले होते. त्या काळच्या लाकडी, अवजड खुर्चीत बसून मोटारीतून कुठे जाणं अशक्य, म्हणून त्यानं हॅरी जेनिंग्ज या अभियंता मित्राच्या मदतीनं पोलादी नळ्यांची, मधोमध फुलीसारखा सांधा असलेली, घडी होणारी खुर्ची तयार केली. १९३०च्या दशकात ती बाजारात आली. आपल्या इस्पितळांच्या दारात आजही जी खुर्ची दिसते, ती मूळ हीच. या खुर्चीचा हेतू मोटारीत मावणं एवढाच होता. पण ती आधीच्या खुर्च्यांपेक्षा हलकी होती, आणि बसलेल्याला ती स्वतःच्या हातांनी पळवता येत होती. विशीतल्या पोराच्या हाती पळणारी वस्तू दिली, की तो पहिल्यांदा शर्यत लावतो आणि दुसऱ्यांदा ती कुणावर तरी आदळतो.

१९४६ साली कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइस इथल्या बर्मिंगहॅम इस्पितळात आणि मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅमच्या कुशिंग इस्पितळात ही मुलं चेंडू घेऊन व्यायामशाळेत उतरली. कुणी आधी सुरुवात केली यावर वाद आहे आणि तो फारसा महत्त्वाचा नाही. बर्मिंगहॅममध्ये बॉब रायनीअर्सन नावाचा तरुण क्रीडाशिक्षक होता. मुलांचा धुडगूस पाहून त्यानं नियम लिहायला घेतले. त्यानं काय बदललं यापेक्षा काय बदललं नाही, हे मला अधिक मोलाचं वाटतं. कडं होतं त्याच उंचीवर राहिलं, जमिनीपासून दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर. चेंडू तोच. मैदानही तेवढंच, आजच्या आंतरराष्ट्रीय मापानं २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. बदललं ते मुख्यतः पावलांचं गणित. धावणाऱ्या खेळाडूला चेंडू न आपटता ठरावीक पावलांपलीकडे जाता येत नाही. इथे चेंडू मांडीवर ठेवून चाकं जास्तीत जास्त दोनदा ढकलायची, तिसऱ्यांदा ढकलण्याआधी चेंडू आपटायचा, द्यायचा किंवा टाकायचा.

त्या काळच्या एखाद्या दयाळू माणसानं कडं दोन फुटांनी खाली आणलं असतं तर? ते कुणालाही वावगं वाटलं नसतं. पण मग हा खेळ इस्पितळाच्या भिंतींबाहेर पडला नसता, असं मला वाटतं. तो पडला, आणि फार लवकर पडला. १० मार्च १९४८ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हॅलोरन आणि कुशिंग या दोन इस्पितळांच्या संघांचा सामना झाला, आणि तो पाहायला पंधरा हजारांहून अधिक लोक होते. व्यावसायिक खेळाडूंनाही खुर्चीत बसवून या मुलांविरुद्ध खेळवलं जाई, आणि सहा-साडेसहा फुटांचे ते गडी सपाटून हरत. उंची होती, नेम होता. पण खुर्ची वळवता येत नव्हती. बर्मिंगहॅमचा संघ ‘फ्लाइंग व्हील्स’ या नावानं देशभर फिरला. १९४९ साली इलिनॉय राज्यातल्या गेल्सबर्ग इथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. ती घडवून आणणारा टिम न्यूजंट पुढे इलिनॉय विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी उतार आणि बसगाड्या यांचा आग्रह धरणारा माणूस म्हणून ओळखला गेला. खेळायला जायचं तर आधी इमारतीत शिरता आलं पाहिजे. बास्केटबॉलपासून उतारापर्यंतचा हा रस्ता तसा सरळच होता.

१९५०चा ‘द मेन’ हा चित्रपट जुन्या चित्रपटरसिकांना आठवत असेल. मार्लन ब्रँडोचा तो पहिला चित्रपट. तो याच बर्मिंगहॅम इस्पितळात चित्रित झाला आणि तिथल्या खऱ्या रुग्णांनी त्यात कामं केली.

*

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट निराळ्या वाटेनं घडली. लुडविग गुटमान हा ब्रेस्लाऊचा ज्यू मज्जाविकारतज्ज्ञ १९३९ साली नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडला आला. १ फेब्रुवारी १९४४ रोजी एल्सबरीजवळच्या स्टोक मँडविल इस्पितळात मज्जारज्जू-विभाग उघडला, तो त्याच्या हाती देण्यात आला. रुग्णांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, हा त्याचा पहिला हुकूम. रात्री-बेरात्री तो स्वतः येऊन पाही. माणूस हेकट होता, रुग्णांवर ओरडे, त्यांना पडू देत नसे. आपल्याकडे आलेला माणूस कर भरणारा नागरिक होऊन बाहेर पडला पाहिजे, असं तो म्हणे. लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन झालं त्याच दिवशी, २९ जुलै १९४८ला, त्यानं इस्पितळाच्या हिरवळीवर सोळा रुग्णांची धनुर्विद्या स्पर्धा भरवली. १९६० साली रोममध्ये २३ देशांचे सुमारे चारशे खेळाडू जमले, त्याला आपण आज पहिलं पॅरालिंपिक म्हणतो. व्हीलचेअर बास्केटबॉल तेव्हापासून त्यात आहे. स्त्रियांचे सामने १९६८च्या तेल अवीवपासून.

गुटमान खेळाकडे औषध म्हणून पाहत होता. हात आणि खांदे बळकट होतात, तोल येतो, मन उदास राहत नाही. अमेरिकेतली मुलं खेळाकडे खेळ म्हणून पाहत होती. या दोन दृष्टींमधली ओढाताण अजून संपलेली नाही. औषध म्हटलं की डॉक्टर आला. आणि डॉक्टरांनीच बराच काळ ठरवलं की कोणता खेळाडू कोणत्या गटातला. रुग्णाला तपासणीच्या टेबलावर झोपवायचं, मज्जारज्जूचा कोणता मणका दुखावलाय ते पाहायचं, स्नायू चाचपायचे, आणि गट द्यायचा. खेळाडूंना हे खुपत होतं. टेबलावर उताणा पडलेला माणूस आणि खुर्चीत वेगानं वळणारा माणूस ही एकच व्यक्ती असली, तरी दोघांना काय करता येतं हे सारखं नसतं.

कोलोनच्या होर्स्ट स्ट्रोकेंडल या जर्मन अभ्यासकानं ही पद्धत उलटी केली. खेळाडूला टेबलावर नव्हे, मैदानावर पाहा. तो पुढे किती वाकू शकतो? कुशीकडे झुकून परत सरळ होऊ शकतो का? डोक्यावरचा चेंडू दोन्ही हातांनी पकडताना त्याचं धड डळमळतं का? १९८०च्या दशकात आंतरराष्ट्रीय खेळानं ही पद्धत स्वीकारली आणि आजचे आकडे त्यातून आले. ज्याचं धड स्वतःच्या ताब्यात नाही, त्याला एक. जो थोडंफार पुढे वाकून सावरू शकतो, त्याला दोन. पुढे-मागे चांगला ताबा आहे पण बाजूला झुकता येत नाही, त्याला तीन. एका बाजूला अडचण असेल तर चार, आणि धडाच्या हालचालीला जवळजवळ आडकाठीच नसेल, तर साडेचार. अधलेमधले अर्धे आकडेही आहेत. मैदानावर एका वेळी पाच जण, आणि त्यांची बेरीज चौदाच्या वर जाता कामा नये.

सरासरी काढली तर माणशी २.८. म्हणजे एकही संघ केवळ धडधाकट धडांचा बनवता येत नाही. साडेचारचे दोन घेतले तर उरलेल्या तिघांत पाच वाटायचे राहतात. तेव्हा प्रत्येक प्रशिक्षकाला एक आणि दीडची मुलं शोधत हिंडावं लागतं. चांगला एकवाला मिळणं ही संघाची चैन असते. आपल्या समाजात एखादी संस्था छातीखाली लुळ्या पडलेल्या मुलाला शोधत त्याच्या दारात येते आणि ‘तू नसलास तर आमचं अडेल’ असं म्हणते, हे दृश्य दुसरीकडे कुठे दिसेल? राखीव जागा त्याला संधी देतात आणि त्या हव्यातच. पण राखीव जागेवर बसलेल्याला आपण उपकाराखाली आहोत असं वाटायला लावणारे पुष्कळ असतात. या बेरजेत उपकार कुठेच नाही. इथे संघालाच त्याची गरज असते.

*

कुणी म्हणेल, ही कागदावरची गरज झाली; त्या एकवाल्याला आत घेतात आणि कोपऱ्यात बसवून ठेवतात. खेळ नीट पाहिला नाही तर तसं वाटतंही. प्रेक्षकांचं लक्ष चेंडूवर असतं आणि चेंडू बहुधा चार-साडेचारवाल्यांच्या हातात. एकवाल्याचं काम कळायला खुर्ची कळावी लागते.

खेळाच्या खुर्चीची मोठी चाकं वरून आत आणि खालून बाहेर अशी तिरपी लावलेली असतात, साधारण पंधरा ते वीस अंशांनी. त्यामुळे ती झटकन वळते आणि सहजी कलंडत नाही. मागं एक छोटं चाक असतं, पाठीवर पडू नये म्हणून. पुढे पाय सांभाळणारी नळी. खेळाडू पट्ट्यांनी खुर्चीला बांधलेला असतो आणि नियमानुसार खुर्ची हा त्याच्या शरीराचाच भाग मानतात. खुर्चीला धडकलात तर माणसाला धडकलात. बसणीवरून कंबर उचलून उंची मिळवणं हा गुन्हा. ज्याचे पाय थोडेफार चालतात, त्यालाही ते इथे वापरता येत नाहीत.

आता मेख अशी की खुर्चीला आडवं सरकता येत नाही. उभा खेळाडू समोर कुणी आला तर एक पाऊल बाजूला टाकतो आणि निसटतो. खुर्चीला पुढे वा मागे जाऊन, वळूनच वाट काढावी लागते. त्यामुळे योग्य क्षणी, योग्य कोनात आपली खुर्ची दुसऱ्याच्या चाकापुढे नेऊन ठेवली की तो अडकला. मग तो कितीही धिप्पाड असो. हे काम करायला धड लागत नाही. लागतात हात, नजर आणि चार चाली पुढचं ओळखणारी बुद्धी. चेंडू हातचा गेला की सगळे आपल्या बाजूला पळतात. त्या क्षणी एखादा एकवाला प्रतिस्पर्धी संघातल्या साडेचारवाल्याला त्याच्याच टोकाला अडवून धरतो, आणि दुसऱ्या टोकाला त्या साडेचारवाल्याविना चारास चार असा सामना काही सेकंद चालतो. त्या सेकंदांत बास्केट होते. टाळ्या टाकणाऱ्याला मिळतात. पण संघ ओळखून असतो. क्रिकेटमध्ये दुसऱ्या टोकाला खेळपट्टी धरून उभा राहणारा फलंदाज आपल्याला जसा कळतो, तसंच हे.

युरोपातल्या काही देशांच्या आणि कॅनडाच्या अंतर्गत स्पर्धांत तर ज्यांना कसलंच अपंगत्व नाही, अशीही माणसं साडेचार आकडा घेऊन खुर्चीत बसून खेळतात. कुणाचा भाऊ, कुणाची मैत्रीण, कुणी निव्वळ आवड म्हणून. सामना संपला की ती उठून चालत घरी जातात. सायकल शर्यतीत जशी सायकल, तशी इथे खुर्ची हे साधन. इतका साधा दृष्टिकोन आपल्याकडे यायला अजून अवकाश आहे.

*

आपल्याकडे काय होतं ते आपण जाणतोच. विहिरीत, झाडावरून, बांधकामावरून पडणं आणि रस्त्यावरचे अपघात ही भारतात मणक्याच्या इजेची मोठी कारणं, आणि त्यात सापडणारे बहुतेक जण कमावत्या वयातले पुरुष. इस्पितळातून घरी आणलेला मुलगा पडवीत किंवा पुढच्या खोलीत खाटेवर असतो. सुरुवातीला माणसांची रीघ. मावशी येतात, गावचे काका येतात, “काय रे बाळा, आता बरं आहे ना?” असं विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता त्याच्या आईशी बोलू लागतात. सव्वीस वर्षांचा गडी पुन्हा बाळ होतो. हळूहळू मित्रांचं येणं कमी होतं. लग्नाचं बोलणं थांबतं. त्याला कुणी रागावत नाही, काही आणायला सांगत नाही, त्याची वाट पाहत नाही. सगळं त्याच्यासाठी केलं जातं. त्यानं कुणासाठी काही करायचं उरलेलं नसतं, आणि माझ्या मते पाय जाण्याइतकीच ही दुसरी इजा खोल असते.

इथे एका गाजलेल्या संशोधनाचा उल्लेख करायला हवा, कारण त्याचा फार गैरवापर होतो. १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेले २२ जण, सर्वसाधारण २२ जण आणि अपघातात लुळे झालेले २९ जण यांना, तुम्ही किती सुखी आहात, असं विचारलं. हा अभ्यास आता असा सांगितला जातो की काही काळानं लॉटरीवाला आणि लुळा झालेला दोघंही सारखेच सुखी होतात. माणूस सगळ्याला सरावतो. मूळ आकडे तसं म्हणत नाहीत. पाचाच्या मोजपट्टीवर लॉटरीवाले ४, सर्वसाधारण लोक ३.८२ आणि अपघातग्रस्त २.९६. लोकांना वाटतं तितके ते दुःखी नव्हते, हे खरं. पण फरक होता आणि चांगला ठळक होता. माणूस आपोआप सरावतो म्हटलं की समाजाला काही करायला नको. उलट १९९९ साली गॅरी अल्ब्रेख्ट आणि पॅट्रिक डेव्हलीजर यांनी गंभीर अपंगत्व असलेल्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी आपलं आयुष्य चांगलं वा उत्तम असल्याचं सांगितलं. हे दोन्ही निष्कर्ष एकमेकांशेजारी ठेवले तर प्रश्न उरतो, की काही जण सावरतात आणि काही जण सावरत नाहीत, तो फरक कशानं पडतो? शरीर किती शाबूत आहे, एवढ्यानं नक्कीच नाही.

मराठी माणसाला या संदर्भात मुरलीकांत पेटकर आठवतील. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा सैनिक, मुष्टियोद्धा. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाला आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन आला. भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं, आणि घराघरांत नाव पोचायला २०२४चा हिंदी चित्रपट यावा लागला. पेटकरांची गोष्ट थोरच आहे. पण ती एकट्याची गोष्ट आहे: माणूस, पाणी आणि घड्याळ. तेवढी आग प्रत्येकाच्या पोटात नसते, आणि ज्याच्या नसते त्याला अशा गोष्टी कधीकधी टोचणीसारख्या लागतात. संघाच्या खेळात सामान्य माणसाला जागा असते. सकाळी सहाला सरावाला गेलं नाही तर चौघांचा सराव बुडतो, एवढं कारण अंथरुणातून उठायला पुरेसं ठरतं. उठायचं म्हणजे काय, हेही लक्षात घ्यावं. पिशवी रिकामी करायची, कातडी तपासायची, खाटेवरून खुर्चीत यायचं. दीड तास सहज जातो. एवढा खटाटोप माणूस ‘स्वतःच्या भल्यासाठी’ रोज करत नाही. कुणीतरी वाट पाहत असेल, तर करतो.

काबूलचं उदाहरण याच धाग्यातलं. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचं तिथं एक कृत्रिम अवयव केंद्र आहे. आल्बेर्तो कैरो हा इटालियन माणूस १९९०पासून त्या कामात आहे. सुरुंगानं पाय गेलेल्यांना तिथे पाय मिळतात. पण कैरोनं त्यापुढचं पाऊल उचललं आणि केंद्रातली जवळजवळ सगळी नोकरभरती अपंगांतूनच केली. पाय बसवून देणारा कारागीर स्वतः कृत्रिम पायावर उभा. या अफगाण मुलांना बास्केटबॉल शिकवायला २००९ साली जेस मार्कट हा अमेरिकन गेला. तो विद्यापीठात उंच उडी मारणारा खेळाडू होता; एकोणिसाव्या वर्षी मोटार अपघातात त्याचे पाय गेले. पुढे रेडक्रॉसच्या वतीनं तो भारतासह अनेक देशांत शिकवत फिरला. भारतात या खेळाचा राष्ट्रीय महासंघ २०१४ साली उभा राहिला तो माधवी लता यांच्या पुढाकारानं. लहानपणी पोलिओ झालेल्या, पोहणाऱ्या, चेन्नईत बँकेत नोकरी करणाऱ्या बाई. तरुण पुरुषांच्या उमेदीची गोष्ट सांगताना तिची पायाभरणी एका स्त्रीनं केली, हे नोंदवून ठेवावं.

जपानमध्ये ताकेहिको इनोए या नामवंत चित्रकथाकारानं १९९९पासून ‘रिअल’ नावाची दीर्घ चित्रकथा याच खेळावर लिहायला घेतली. तिच्यात तीन तरुण आहेत. एकाचा पाय हाडाच्या कर्करोगानं गेलाय. दुसरा शाळेतला देखणा, हुशार, उद्दाम मुलगा. ट्रकखाली सापडून कमरेखाली लुळा होतो. तिसऱ्याचे पाय शाबूत आहेत, पण शाळा सुटलीय आणि त्याच्या मोटारसायकलच्या अपघातात एका मुलीचे पाय गेलेत. ती मला आवडते ती एवढ्यासाठी, की तो उद्दाम मुलगा अपघातानंतरही बराच काळ उद्दाम आणि तुसडाच राहतो. दुःखानं माणूस आपोआप थोर होत नाही, हे इनोएला माहीत आहे. ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंग या पत्रकार बाई, ज्या स्वतः व्हीलचेअर वापरत, त्यांनी २०१४ साली सिडनीतल्या एका भाषणात हेच सुनावलं होतं: धडधाकट लोकांना बरं वाटावं, एवढ्यासाठी आमच्या आयुष्यांची प्रदर्शनं मांडू नका. आपल्याकडे २०१५च्या अखेरीस ‘दिव्यांग’ हा शब्द वर आला, तेव्हा अनेक अपंग कार्यकर्त्यांनी त्याला हरकत घेतली ती साधारण याच कारणानं. दैवी काही नको, जिन्याला उतार द्या.

*

या बेरजेत सगळं गोड आहे असंही नाही. आकडे आले की त्यांवरून भांडणं येतात. कमी आकडा मिळावा म्हणून धड हलत नसल्याचं सोंग आणण्याचे आरोप होतात. आणि आकडा मिळायला ‘पुरेसं’ अपंग असावं लागतं. २०२० साली आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीनं बास्केटबॉल महासंघाला बजावलं, की तुमचे निकष आमच्या निकषांत बसत नाहीत. चार आणि साडेचारच्या खेळाडूंची पुन्हा तपासणी करा, नाहीतर खेळच पॅरालिंपिकमधून काढू. तपासणी झाली आणि वर्षानुवर्षं खेळलेले काही जण अपात्र ठरले. २०१८ साली विश्वविजेता ठरलेल्या ब्रिटिश संघातला जॉर्ज बेट्स त्यांतला एक. लहानपणच्या दुखापतीतून त्याच्या पायात असह्य, कायमची वेदना राहिली होती, पण पाय जागेवर होता. खेळता यावं म्हणून आपण तो पाय कापून घेण्याचा विचार करतो आहोत, असं त्यानं जाहीरपणे सांगितलं.

हे वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो होतो. पाय गेलेल्या मुलांना ज्या खेळानं जागा दिली, त्याच खेळात जागा टिकवण्यासाठी एक तरुण पाय द्यायला निघाला. संघात जागा असणं या गोष्टीची किंमत किती असू शकते, याचा याहून विदारक पुरावा मला माहीत नाही.

आपल्याकडच्या अडचणी याहून फार प्राथमिक आहेत. खेळाच्या परदेशी खुर्चीची किंमत काही लाखांत जाते, आणि ती अंगाच्या मापानं बनवावी लागते. उसनी खुर्ची म्हणजे उसने बूट. सभागृहाला पायऱ्या असतात. लाकडी तळ असलेल्या मैदानांचे व्यवस्थापक चाकांनी जमिनीवर चरे पडतील म्हणून नकार देतात. सरावाला पोचायचं तर बसमध्ये खुर्ची चढत नाही, रिक्षात घडीची खुर्ची कशीबशी मावते, खेळाची मावतच नाही. २०१६च्या कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि सार्वजनिक इमारती सुगम करायला सांगितलं. खांद्यांचं दुखणं, शय्याव्रणांची टांगती तलवार या गोष्टी खेळानं जात नाहीत. खांद्यांचं तर वाढतंच. आणि जी मुलं मैदानापर्यंत पोचतात, ती मुळातच थोडी नशीबवान असतात, कुणाच्या तरी मोटारीची वा पगाराची साथ असलेली. पडवीतल्या खाटेपर्यंत हा खेळ अजून पोचलेला नाही.

त्या पहिल्या सामन्याचं एक सांगायचं राहिलं. उत्तरार्धात दोन खुर्च्या एकमेकींत अडकल्या आणि साडेतीनवाला मुलगा खुर्चीसकट कुशीवर आदळला. लोखंडाचा असा आवाज झाला की प्रेक्षकांतून आम्ही चार-पाच जण उठून धावलोच. माझ्या पुढे एक आजोबा होते. प्रशिक्षकानं आमच्याकडे न पाहताच तळहात दाखवून आम्हाला थांबवलं. पंचानंही शिट्टी मारली नाही. खेळ दुसऱ्या टोकाला गेला होता. मुलगा पट्ट्यांनी खुर्चीला बांधलेला तसाच काही क्षण पडून राहिला. मग त्यानं एक तळहात जमिनीवर टेकला, दुसऱ्यानं वरचं चाक धरलं, आणि एका हिसक्यात खुर्ची स्वतःसकट उभी केली. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यानं आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ज्यानं वेडावाकडा चेंडू दिल्यामुळे तो पडला होता, त्या दोनवाल्या पोराला लांबूनच एक अस्सल गावरान शिवी हासडली आणि चाकं ढकलत तो खेळाच्या दिशेनं निघाला.